टाकी भरण्याआधी

नवं घर दाखवणारा माणूस आपल्याला दिवाणखाना दाखवतो, स्वयंपाकघर दाखवतो, गच्चीवर नेऊन पाण्याची टाकीही दाखवतो. संडासाची टाकी कुठे आहे ते कुणी दाखवत नाही आणि आपणही विचारत नाही. मी माझ्या घरात वीसेक वर्षं राहिलो, पण आमची सेप्टिक टँक नेमकी कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. ते कळलं भावाच्या मुलीच्या निकाहच्या दोन दिवस आधी.

घरात पंचवीस माणसं होती. मांडव पडला होता, हळकुंडं फुटली होती, आणि सकाळी संडासातलं पाणी खाली जाईना. नळवाला आला, त्यानं वाकून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "टाकी शेवटची कधी उपसली होती?" आम्ही भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागलो. घर अब्बांनी बांधलं होतं आणि अब्बा आता राहिले नव्हते. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यानं अंगणात चार पावलं मोजली आणि डाळिंबाच्या झाडाजवळ काठी टेकवली. तिथे आम्हीच मध्यंतरी हौसेनं शहाबादी फरशी बसवून घेतली होती. दोन फरश्या पहारीनं फोडल्या तेव्हा झाकण सापडलं.

मैला उपसणारी गाडी आली, जाड नळी आत सोडली, पंप सुरू झाला. पाणी भराभर गेलं आणि मग नळी नुसती गुरगुरायला लागली. तळाशी चिकणमातीसारखा घट्ट थर बसला होता, तो काही वर येईना. गाडीबरोबरचा पोरगा विशीतला असेल. त्यानं सदरा काढला आणि मला म्हणाला, "चाचा, वरचे पाचशे द्या. आत उतरून फावड्यानं मोकळं करतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

खरं सांगतो, माझा हात खिशाकडे गेला होता. माणसाच्या दुःखावर कविता लिहिणारा मी. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त मांडव होता आणि घरातली पंचवीस माणसं होती.

गाडीचा चालक पोक्त होता. तो ओरडला, "ए, सदरा घाल आधी!" आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "चाचा, पैसे देऊ नका त्याला. आमच्या गल्लीतले दोघं असेच गेलेत. एक उतरला, वर येईना. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही गेला." मग त्यानं टाकीत पाणी सोडलं, लांब बांबूनं वरूनच गाळ ढवळला, थोडं थांबला, पुन्हा पंप लावला. दोन खेपा झाल्या. मगरिबची अजान झाली तेव्हा झाकण बसलं.

लग्न नीट पार पडलं. पण खिशाकडे गेलेला हात मला विसरता येईना. मग मी या टाकीची माहिती काढायला लागलो. नगरपालिकेतल्या एका अभियंत्यांना भेटलो, मिळेल ते वाचलं. जे समजलं ते आज सांगतो, कारण ते प्रत्येक घरमालकाला माहीत असायला हवं.

सेप्टिक टँक ही फार जुनी गोष्ट नाही. फ्रान्समधल्या झाँ-लुई मुरा नावाच्या गृहस्थानं १८६० च्या सुमारास अशी बंद टाकी बांधली. काही वर्षांनी उघडून पाहिली तर अपेक्षेपेक्षा फारच थोडा गाळ आत होता. पुढे इंग्लंडमधल्या एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमेरून यांनी १८९५ मध्ये तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिलं. आपल्याकडेही ती लवकर आली. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास अशा टाकीतला वायू गोळा करून कामाला लावल्याची नोंद आहे. म्हणजे टाकीत वायू तयार होतो आणि तो पेटतो, हे आपल्याला सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे.

टाकीचं काम समजायला सोपं आहे. संडासातून आलेला मैला आणि पाणी तिच्यात संथ उभं राहतं. जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेलकट आणि हलका भाग वर तरंगतो, त्याची साय धरते. मधे पाणी राहतं. टाकीत सहसा दोन कप्पे असतात, पहिला मोठा, दुसरा लहान. मधल्या भिंतीतून फक्त मधलं पाणी दुसऱ्या कप्प्यात जातं आणि तिथून शोषखड्ड्यात. हे बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं, त्यातले रोगजंतू मेलेले नसतात. म्हणून ते जमिनीत मुरायला हवं, उघड्या गटारात सोडता कामा नये. आपल्याकडे किती घरांची नळी सरळ गटारात उघडते, हे आपल्या गल्लीत एक फेरी मारली तरी दिसतं.

तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जीवाणू काम करत असतात. ते मैला कुजवतात, त्याचा काही भाग वायू होऊन जातो आणि गाळ आकसतो. आकसतो, पण संपत नाही. इथेच आपली फसगत होते. 'टाकी मोठी बांधलीय, आयुष्यभर पाहायला नको,' असं गवंडी सांगतो आणि आपल्याला ते ऐकायला आवडतं. गाळ मात्र दर वर्षी थोडा थोडा वाढतच असतो. तो वाढला की मधल्या पाण्याला जागा उरत नाही. आलेला मैला बसायला वेळच मिळत नाही, तो तसाच पुढे जातो आणि शोषखड्ड्याच्या भोवतीची माती बुजवून टाकतो. मग पाणी मुरत नाही आणि एके दिवशी घरात उलटं येतं. संडास तुंबला म्हणजे टाकी आज भरली असं नसतं. ती बऱ्याच आधी भरलेली असते.

म्हणून ही टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी, असं आपल्याकडची तांत्रिक मार्गदर्शक पुस्तकं सांगतात. गाळ आणि साय मिळून टाकीचा साधारण एक-तृतीयांश भाग व्यापला की वेळ झाली असं समजायचं. तुंबण्याची वाट पाहायची नाही.

आता उशीर झाला की काय होतं ते पाहा. दोन-तीन वर्षांचा गाळ पातळ असतो. दहा-बारा वर्षांचा गाळ स्वतःच्याच वजनानं दबत जातो, त्यात वाळू, चिंध्या, प्लास्टिक अडकतं आणि तळाशी थापी बसते. गाडीचा पंप तरी कसा काम करतो? तो गाडीवरच्या टाकीतली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब गाळाला नळीतून वर ढकलतो. ढकलला जाण्यासाठी गाळ वाहता असावा लागतो. उपमेबद्दल माफ करा, पण ताक नळीनं ओढता येतं, चक्का ओढता येत नाही. पंपानं उचलला नाही की मग कुणीतरी म्हणतं, 'माणूस उतरवा.' माझ्या अंगणात हेच झालं. त्या पोराला टाकीच्या तोंडापर्यंत आणलं होतं ते आमच्या इतक्या वर्षांच्या विसरण्यानं. पाचशे रुपये हा त्यातला शेवटचा आणि सर्वांत लहान भाग होता.

आत उतरल्यावर माणूस मरतो कशानं? बहुतेकांना वाटतं, घाणीनं गुदमरून. तसं नाही. कुजणाऱ्या मैल्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. हे वायू बंद जागेत प्राणवायूची जागा घेतात. त्यातला हायड्रोजन सल्फाइड तर सरळ विषारी आहे. कुजक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एखादा भाग असला तरी नाकाला कळतं. पण प्रमाण शंभर भागांच्या घरात गेलं की थोड्याच वेळात नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, वायू निघून गेला. सातशे-हजारपर्यंत प्रमाण गेलं की एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

यावर आपल्याकडे काही ठोकताळे आहेत आणि ते सगळे घातक आहेत. 'झाकण तासभर उघडं ठेवलं की वायू जातो,' हा पहिला. गाळात वायूचे बुडबुडे अडकलेले असतात. पाय पडला, फावडं लागलं की ते फुटतात आणि क्षणापूर्वी बरी असलेली हवा विषारी होते. 'कंदील सोडून पाहावा, विझला नाही तर उतरावं,' हा दुसरा. मिथेन असेल तर त्या ज्योतीनं भडका उडू शकतो. आणि ज्योत तेवत राहिली तरी माणसाचा जीव घ्यायला पुरेल इतका हायड्रोजन सल्फाइड तिथे असू शकतो. 'तोंडाला ओला रुमाल बांधावा,' हा तिसरा. रुमालानं वायू अडत नाही. साधा मास्कही उपयोगाचा नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारं साधन, कमरेला पट्टा, वर दोर धरून उभी माणसं आणि वायू मोजणारं यंत्र, एवढं सगळं लागतं. आपल्या अंगणात यातलं काहीही नसतं.

चालकानं सांगितलं तसं 'एकाला काढायला दुसरा' हे या अपघातांत पुन्हा पुन्हा घडतं. बाप पडला म्हणून मुलगा उतरतो, भाऊ पडला म्हणून भाऊ. वर उभ्या माणसाला वाटतं की तो नुसता घसरून पडला आहे, हात दिला की येईल. कधी असा प्रसंग समोर आलाच तर आपण उतरू नका आणि दुसऱ्याला उतरू देऊ नका. अग्निशमन दलाला बोलवा. पाहत उभं राहणं फार कठीण असतं, पण उतरल्यानं आणखी एक माणूस जातो.

कायदा याबाबत काय म्हणतो? हातानं मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून लागू झाला. योग्य संरक्षक साधनं न देता कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरवणं हा त्याप्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा फक्त नगरपालिकेला आणि ठेकेदाराला लागू आहे असं आपण समजतो. तो कोणत्याही व्यक्तीला लागू आहे. म्हणजे त्या संध्याकाळी मी पाचशेची नोट काढली असती तर मलाही. 'तो स्वतःहून म्हणाला' ही सबब चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१४ मध्ये, १९९३ पासून अशा कामात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. कायदा आहे, न्यायालयाचा आदेश आहे, आणि तरी बातम्या येत राहतात. बातमीतला माणूस बहुतेक वेळा कोणत्या वस्तीतला असतो, कोणत्या जातीचा असतो, हे वाचणाऱ्याला न सांगताही कळतं.

हे काम कुणी एकानंच का करावं, हा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम मागितलं. ते ब्राह्मण म्हणून त्यांना ते नाकारलं गेलं. त्यांनी अन्न कमी केलं, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपवास धरला. अप्पासाहेबांनी पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. माणसाला हात लावावा लागू नये असा संडास बांधणं, हा त्यांना जातीच्या प्रश्नाचाच भाग वाटत होता. त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन डॉक्टर मापुसकरांनी तुकोबांच्या देहूत संडास आणि गॅस प्लँट यांची सांगड घातली. देहूच्या घरांत त्या वायूवर चुली पेटल्या. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. खेड्यात जागा असेल तर दोन खड्ड्यांचा संडास आजही उत्तम. एक खड्डा भरला की तो बंद करायचा आणि दुसरा वापरायचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातल्या मैल्याचं मातीसारखं खत होतं. त्यात विषारी वायूंनी भरलेली टाकी नसते आणि उतरण्याचा प्रश्नही येत नाही.

शहरात मात्र टाकी आहे आणि ती राहणार. मग करायचं काय? वाई आणि सिन्नर या आपल्या दोन गावांनी २०१८ च्या सुमारास एक साधी गोष्ट सुरू केली. तुंबल्यावर फोन येण्याची वाट न पाहता नगरपालिकेनं सगळ्या गावाचं वेळापत्रक केलं. आज ही गल्ली, उद्या ती, तीन वर्षांत गाव पूर्ण. खर्च एकदम मागायचा नाही, करातून घ्यायचा. आणि उपसलेला मैला नदीत किंवा ओढ्यात न ओतता त्यासाठी बांधलेल्या केंद्रावर न्यायचा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. आपल्या दारातली टाकी स्वच्छ करून गाडी गावाबाहेरच्या ओढ्यात रिकामी झाली, तर आपली घाण खालच्या गावाच्या पाण्यात गेली एवढंच.

ज्या गावात अशी सोय नाही तिथल्या घरमालकानं स्वतःच करण्याच्या काही गोष्टी आहेत. पहिली म्हणजे टाकीचं झाकण कुठे आहे ते शोधा, त्यावर फरशी घालू नका, कुंडी ठेवू नका. घरातल्या दोघा-तिघांना जागा दाखवून ठेवा. उपसल्याची तारीख लिहा. आम्ही ती मीटरच्या पेटीच्या आत रंगानं लिहिली आहे.

दुसरी म्हणजे टाकी घासून धुऊन लख्ख करायची नसते. तळाशी इंच-दीड इंच गाळ मुद्दाम ठेवायचा. दही लावताना जसं विरजण ठेवतो तसं. त्यातले जीवाणू नव्या मैल्यावर लगेच काम सुरू करतात. म्हणून टाकीत फिनेल, ॲसिड ओतू नये, त्यानं हे जीवाणू मरतात. बाजारात मिळणाऱ्या पुड्या टाकल्या की उपसायला नको, हा समजही खरा नाही. तयार मिळणारी प्लास्टिकची टाकी असेल तर उपसल्यावर लगेच पाण्यानं भरावी, नाहीतर पावसाळ्यात जमिनीतल्या पाण्यानं ती वर उचलली जाऊ शकते.

तिसरी म्हणजे संडासात सॅनिटरी पॅड, डायपर, चिंध्या, प्लास्टिक, तळणाचं तेल टाकू नका. पंपाची नळी अडते ती यानंच, आणि नळी अडली की पुन्हा 'माणूस उतरवा' हेच वाक्य येतं.

चौथी म्हणजे गाडी ठरवतानाच फोनवर दोन गोष्टी बोलून घ्या. कुणीही आत उतरणार नाही. आणि मैला कुठे नेणार? गाळ घट्ट असेल तर पाणी सोडून, वरून ढवळून, दोन खेपा कराव्या लागतात. त्याचे पैसे जास्त होतात, ते द्या. झाकण उघडं असताना जवळ विडी-काडी नको, वाकून पाहणं नको, आणि मुलांना त्या दिवशी अंगणाबाहेर ठेवा.

यातलं काहीच अवघड नाही. तरी आपण करत नाही, कारण त्या झाकणाखाली आपलंच काही आहे हे आठवायला नको असतं. आम्ही दिवसातून पाच वेळा वजू करतो, कुणी स्नान-संध्या करतं. अंग स्वच्छ करणारं पाणी पुढे कुठे जातं याचा विचार मी पन्नाशीपर्यंत केला नव्हता. माझ्या स्वच्छतेचा अर्धा भाग दुसऱ्या कुणावर सोडून मी निवांत होतो.

भावाच्या मुलीला आता एक मुलगा आहे. येत्या उन्हाळ्यात आमच्या टाकीला तीन वर्षं होतील. संडास नीट चालू आहे, तरी परवा त्या चालकाला फोन केला. त्यानं आधी ओळखलं नाही. डाळिंबाचं झाड सांगितल्यावर हसला. "काय चाचा, पुन्हा लग्न काढलंत का?" म्हणाला. मी म्हटलं, "नाही, नुसतीच वेळ झालीय." तेव्हा म्हणाला, "मग तासाभरात होईल. एका खेपेत." त्या पोराचं विचारलं. तो आता गाडी चालवायला शिकतोय म्हणाला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)